गॅरेजच्या लोखंडी दाराला आतून इन्सुलेशन, कमी खर्चात कसं करावं? (इंदूर)

सूरपेटी | ८ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी, घर इंदूरला राजेंद्र नगरमधे, जुनं बांधकाम. गॅरेज १० बाय १६ फूट, वर स्लॅब आहे आणि त्यावर आमची खोली, त्यामुळे छताचा त्रास नाही, सगळा त्रास दाराचा. दार म्हणजे दोन पल्ल्यांचं लोखंडी फाटक, प्रत्येक पल्ला ५ बाय साडेसात फूट, १८ गेजची चद्दर आणि मागे ३५ एमएमचा अँगल, आडवी-तिरपी पट्टी. बाहेरून गडद कॉफी रंग. आणि तोंड बरोब्बर पश्चिमेला.

गाडी आता बाहेरच उभी असते कारण गॅरेजमधे बाबा पेट्या दुरुस्त करतात. हार्मोनियम. वय ७२, रिटायर झाल्यापासून हेच चालू आहे, भाते बदलणं, रीड सुधारणं, लाख पॉलिश, सगळं. एप्रिल लागला की दोननंतर त्या दाराला हात लावता येत नाही आणि आत भट्टी होते. पंखा गरम हवाच फिरवतो. बाबांचं म्हणणं असं की पितळी रीड तापली की सूर किंचित उतरतो, म्हणून दुपारी मिळवलेली पेटी रात्री तानपुऱ्याशी लावून बघितली तर चढी वाटते आणि परत उघडावी लागते. मागच्या मे महिन्यात त्यांना तिथेच चक्कर आली होती. घरात बसा म्हटलं तर ऐकत नाहीत, बुरादा आणि स्पिरिटचा वास घरात नको म्हणतात.

बजेट आठ हजार, फार तर नऊ. एसी नको, तो परवडणार नाही आणि त्या दारातून सगळी थंडाई निघूनच जाईल. एका दुकानदाराने सांगितलं की चमकणारी बबल फॉइल आणा आणि सरळ चद्दरीवर चिकटवा, काम झालं. दुसरा म्हणतो थर्माकोल लावा आणि वरून पीव्हीसी पॅनल. कुणी केलंय का? दिसायलाही बरं हवं, लोक पेट्या घेऊन येतात.

---

सुतारकाम | ८ एप्रिल, रात्री ११:०५

दादा पल्ला आत उघडतो की बाहेर? हे पहिले सांगा. आत उघडत असेल तर कब्ज्याच्या बाजूला जी जाडी वाढवाल ती भिंतीला अडते आणि पल्ला पूर्ण उघडतच नाही, लोक सगळं ठोकून मोकळे होतात आणि मग कळतं. कब्ज्याकडून दोन इंच मोकळं सोडावंच लागतं. तसंच मधे जिथे दोन पल्ले भेटतात तिथे आल्ड्रॉप (आडवी सरकणारी कडी) आणि वरच्या-खालच्या कड्यांचा हात फिरायला जागा पाहिजे.

दुसरं, वजन. तुमच्या एका पल्ल्याचं क्षेत्रफळ साडेतीन चौरस मीटर धरा. १.२ एमएम चद्दर म्हणजे चौरस मीटरला साडेनऊ किलो, म्हणजे नुसती चद्दर ३३ किलो, वर अँगल. आता त्यावर कुणी १२ एमएम प्लाय मारला तर एका पल्ल्यावर २५-२७ किलो आणखी. जुने कब्जे असतील तर पल्ला खाली बसतो, फरशीला घासतो. म्हणून आतून जे लावाल ते आधी किलोमधे विचारा, मग रुपयांमधे.

---

यंत्रकाका | ९ एप्रिल, सकाळी ६:४०

सूरपेटी, बाबांना चक्कर आली हे वाचून काळजी वाटली. आधी थोडा हिशोब सांगतो, तो समजला की खर्च कुठे करायचा ते आपोआप कळतं.

उन्हात गडद रंगाची चद्दर ६० अंशाच्या पुढे सहज जाते. आत हवा ३५ धरली तर ती चद्दर आतल्या बाजूला दर चौरस मीटरमागे साधारण १९० वॅट उष्णता फेकते. तुमचं दार सात चौरस मीटर. म्हणजे दुपारी दोन ते सहा तुमच्या वडिलांच्या समोर तेराशे वॅटचा हीटर चालू ठेवल्यासारखं झालं. बिचारा पंखा काय करणार. आता याच चद्दरीमागे ५० एमएम चांगलं इन्सुलेशन बसवलं तर तोच आकडा सव्वाशे वॅटच्या आसपास येतो. कडेच्या फटी आणि अँगल धरून दोनशे म्हणा. फरक प्रचंड आहे.

पण त्याच्याही आधी एक काम करा, आणि ते बाहेरून आहे. दार पांढरं करा. गडद रंग ऊन पिऊन घेतो, पांढरा बहुतेक परत फेकतो. आपलं इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसंच खाली आहे, मे-जूनमधे दुपारी सूर्य डोक्यावर आणि संध्याकाळी पश्चिमेच्याही थोडा उत्तरेला मावळतो, म्हणजे पश्चिमेच्या दाराला शेवटपर्यंत समोरून ऊन. त्यावर बाहेर चिक किंवा हिरवी जाळी एक-दीड फूट पुढे टांगली तर आणखी उत्तम. जी उष्णता चद्दरीत शिरलीच नाही तिच्यासाठी आत पैसा घालावा लागत नाही.

फॉइलबद्दल. चद्दरीला चिकटवलेली फॉइल म्हणजे अर्धे पैसे वाया. फॉइलचा गुण असा की ती उष्णता किरणांच्या रूपात कमी सोडते, पण त्यासाठी तिच्यासमोर मोकळी हवा लागते, किमान २० एमएम. चिकटवली की त्या बाजूने उष्णता सरळ स्पर्शाने जाते, तिथे ॲल्युमिनियम काय आणि कागद काय.

---

सूरपेटी | ९ एप्रिल, दुपारी १:२०

काका, सुतारकामदादा, खूप आभार. पल्ले बाहेर उघडतात, देवाच्या कृपेने. हीटरचा हिशोब बाबांना वाचून दाखवला, ते म्हणाले मी इतके दिवस पंख्यालाच दोष देऊन राहिलो होतो. या रविवारी पांढरा रंग करून घेतो. खरवडून, रेड ऑक्साइड आणि वर पांढरं ऑइल पेंट, हेच न?

---

रामबाग_ते_न्यूजर्सी | ९ एप्रिल, रात्री ११:५०

माझं लहानपण इंदूरच्या रामबागेतलं, आता बावीस वर्षं इकडे न्यू जर्सीत. इथे गॅरेजचं दार वेगळंच असतं, आडव्या चार-पाच पट्ट्यांचं, रुळावरून वर सरकून छताला समांतर जातं, आणि आमचा प्रश्न उलटा, जानेवारीत थंडी आत येते आणि शेजारच्या खोलीचे पाइप गोठतात. होम डेपोत दाराच्या मापाचे फोमचे किट मिळतात, मी ते न घेता एक इंची फोमच्या शीट आणून पट्टीच्या खाचेत कापून बसवल्या, अर्ध्याहून कमी खर्च. एक इंच साध्या फोमची इकडच्या मापात आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याचं माप, जास्त तितकं चांगलं) ४ धरतात.

दोन गोष्टी मात्र तुमच्याही कामाच्या आहेत. एक, फोमच्या शीट लावून मला जेवढा फरक पडला त्याहून जास्त फरक खालचं रबर आणि बाजूच्या पट्ट्या बदलल्यावर पडला, फटीतून येणारी हवा फार मोठा चोर आहे. दुसरी, इकडची दारं स्प्रिंगवर तोललेली असतात, वजन वाढवलं की तोल बिघडतो आणि ती स्प्रिंग स्वतः कधी सोडवायला जाऊ नये, तिच्यात इतका ताण भरलेला असतो की माणूस जायबंदी होतो. आता भारतातही नव्या बंगल्यांत अशी दारं दिसतात म्हणून लिहून ठेवतोय.

---

बडोदेकरीण | १० एप्रिल, सकाळी ११:१५

आमच्याकडे बडोद्याला शटर आहे, रोलिंगवालं. त्याच्या पट्ट्यांवर काही चिकटवता येत नाही कारण ते वर गुंडाळलं जातं, चिकटवलेलं सगळं पेटीत अडकून शटर जाम होतं. आम्ही शटरच्या आत सहा इंच सोडून हलक्या ॲल्युमिनियमची चौकट केली, सरकणारी, दोन भागात, आणि त्यात शीट भरली. दिवसा शटर अर्धं वर, चौकट बंद. छान चालतं.

पण थर्माकोलचा माझा अनुभव ऐका. दुकानातल्या मुलाने चिकटवायला पिवळं रबर सोल्युशन दिलं, म्हणाला यानं काहीही चिकटतं. लावलं आणि समोर थर्माकोल बर्फासारखा विरघळायला लागला, भोकंच भोकं. थिनर, पेट्रोल, असलं काही असलेला गोंद थर्माकोलला खातो हे त्याला माहीत नव्हतं न मला. नंतर पाण्यात मिसळणारा गोंद आणला तर तो ॲल्युमिनियमला धरेना. शेवटी पीयू (पॉलियुरेथेन) फोमच्या डब्याने जमलं.

आणि मुंग्या! दुसऱ्या पावसाळ्यात काळ्या मुंग्यांनी थर्माकोल पोखरून आत घर केलं, शीट काढली तर अंड्यांसकट पूर्ण वसाहत. खालून बारीक जाळी लावल्याशिवाय थर्माकोल लावूच नका.

---

मालवी_मिरची | १० एप्रिल, दुपारी ४:३०

एवढं कशाला भिया, अंड्याचे ट्रे आणा कबाडीकडून, फुकटात मिळतात, आवाजही थांबतो आणि उष्णताही. नाहीतर जुन्या गोधड्या ताणून ठोका. माझ्या मित्राने बँडच्या रूमला ट्रेच लावलेत.

---

यंत्रकाका | १० एप्रिल, संध्याकाळी ७:०५

मिरची, तुमचा हेतू चांगला आहे पण हे कृपा करून कुणी करू नका. अंड्याचा ट्रे म्हणजे दोन-अडीच एमएमचा कागदाचा लगदा, तो उष्णता अडवत नाही, आवाजही अडवत नाही, फक्त घुमणं थोडं कमी करतो. झुरळं मात्र येतात. आणि आग लागली तर भिंतभर एका मिनिटात पसरते. गोधडीचंही तेच.

सूरपेटी, तुमच्या पहिल्या पोस्टमधे एक शब्द होता तो मी रात्री परत वाचला आणि झोप उडाली. स्पिरिट. बाबा लाख स्पिरिटमधे विरघळवून पॉलिश करतात न? सोल्डरिंगची इस्तरीही असेल. मग थर्माकोल तुमच्या गॅरेजला नको. साधा थर्माकोल ८० अंशाच्या पुढे मऊ पडायला लागतो, आग धरली तर पेटते थेंब गळतात आणि धूर असा काळा की दार दिसत नाही. इथे तर थर्माकोल दारालाच लावायचाय, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेवर. आयएस ४६७१ या भारतीय मानकाप्रमाणे बनलेला, आग कमी धरणारा माल मिळतो, पण तोही उघडा ठेवायचा नसतो.

माझ्या समोर घडलेलं सांगतो. एका ओळखीच्या वर्कशॉपमधे दाराला आतून थर्माकोल आणि वर पीव्हीसी लावलं होतं. सहा महिन्यांनी कब्जा तुटला, वेल्डिंगवाला आला, त्यानं बाहेरून टाका मारला. बाहेरून! चद्दर तापली, आत थर्माकोल पेटला, आणि पीव्हीसीच्या मागे असल्यामुळे धूर येईपर्यंत कुणाला कळलं नाही. रेतीच्या बादल्या होत्या म्हणून वाचले. कुणाला इजा झाली नाही पण मी तो धूर विसरलो नाही.

तुम्ही रॉकवूल बघा. दगड वितळवून काढलेलं लोकर, जळत नाही. ४८ डेन्सिटीची (घनमीटरला ४८ किलो) ५० एमएमची स्लॅब, थर्माकोलइतकीच उष्णता अडवते.

---

सूरपेटी | १० एप्रिल, रात्री ९:४०

काका, हात थरथरले वाचून. बाबांची स्पिरिटची बाटली त्या दाराच्या कोपऱ्यातच असते. आज आल्या आल्या ती उचलून मागच्या कपाटात ठेवली. थर्माकोल रद्द.

रॉकवूल आपल्याकडे मिळतं का? आणि त्याने खाज येते म्हणतात, बाबांच्या छातीला चालेल का?

---

लोहामंडी | ११ एप्रिल, सकाळी ९:३०

मिळतं की. बॉयलर, ओव्हनवाल्यांना लागतंच. सांवेर रोड, पोलोग्राउंडकडे इन्सुलेशनचं काम करणारे ठेकेदार आहेत, त्यांच्याकडे उरलेल्या स्लॅब पडून असतात, पूर्ण बंडल न घेता सुटे मागा, खूपदा देतात. ओली झालेली किंवा दबलेली घेऊ नका. सिया गंजला स्क्रू, कब्जे, चाक सगळं एकाच गल्लीत होतं.

खाज कापताना आणि लावताना येते, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा, चांगला मास्क. काम चालू असताना बाबांना आत येऊ देऊ नका. एकदा चारी बाजूंनी बंद झालं की काही नाही, पण बंद म्हणजे बंद, उघडी कड ठेवायची नाही.

---

सुतारकाम | ११ एप्रिल, दुपारी १२:१०

रॉकवूलवर वरून कॅल्शियम सिलिकेट बोर्ड ६ एमएम लावा, जळत नाही, रंग चांगला घेतो, फॉल्स सीलिंगवाल्यांकडे मिळतो. हिशोब सांगतो, लोकर एका पल्ल्याला ८-९ किलो, बोर्ड २० च्या आसपास, पट्ट्या ४-५. म्हणजे ३३-३४ किलो. प्लायपेक्षा जास्तच झालं म्हणाल, पण आता तयारीने करू. प्रत्येक पल्ल्याला मधे तिसरा कब्जा आणि मोकळ्या टोकाला खाली एक चाक. आणि ऐका, कब्ज्याचं वेल्डिंग सगळ्यात आधी, आतलं काम नंतर. काकांनी सांगितलेलं लक्षात ठेवा.

अँगल ३५ चा आहे, लोकर ५० ची. अँगलवर १९ एमएमची लाकडी पट्टी स्क्रूने बसवा, ३५ आणि १९ झाले ५४, लोकर दबणार नाही. ती पट्टी लाकडाचीच हवी, कारण लोखंडाला लोखंड लागलं तर अँगलमधून उष्णता सरळ बोर्डाला येते. आणि स्क्रू आतून अँगलमधे. बाहेरून चद्दरीला भोक पाडू नका, पावसात तिथूनच पाणी येतं.

बोर्ड चार फुटी येतो, तुमचा पल्ला पाच फुटी, कब्ज्याकडचे दोन इंच आणि आल्ड्रॉपकडची जागा सोडून साधारण चार फूट आठ इंच झाकायचं. म्हणजे तीन बोर्ड, तिसऱ्यातून दोन्ही पल्ल्यांच्या आठ-आठ इंची पट्ट्या. जोडावर ॲल्युमिनियमची चपटी पट्टी मारा, पुट्टी भरू नका, दार आपटलं की पुट्टीला तडा जातोच.

---

मालवी_मिरची | ११ एप्रिल, दुपारी २:००

काका, बरं झालं सांगितलंत. मित्राला फोन केला, तो या आठवड्यात ट्रे काढतोय. एक विचारायचं होतं, माझ्या गॅरेजमधे इन्व्हर्टर आहे, सगळं घट्ट बंद केलं तर चालेल का?

---

यंत्रकाका | ११ एप्रिल, संध्याकाळी ६:५०

शाब्बास. नाही, घट्ट बंद करायचं नाही. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो हलका, वर साचतो, म्हणून वर जाळी हवी. पेट्रोलची वाफ हवेहून जड, गॅस सिलिंडरचा गॅसही जड, तो खाली साचतो, म्हणून खालीही जाळी हवी. स्पिरिटची वाफही जडच. दोन्ही जाळ्या समोरासमोरच्या भिंतीत असल्या तर हवा खेळते. आणि बंद गॅरेजमधे गाडीचं इंजिन एक मिनिटही चालू ठेवायचं नाही, त्या वायूला वासच नसतो.

आपल्या माळव्याच्या रात्रीचा फायदा घ्या. मे महिन्यात दिवसा ४० असलं तरी पहाटे हवा पंधरा-सोळा अंशांनी उतरते. रात्री जेवणानंतर जाळ्या, खिडकी सगळं उघडं, सकाळी नऊला दार बंद. भिंती आणि फरशी रात्री थंड होतात आणि दुपारपर्यंत तो गारवा धरून ठेवतात. इन्सुलेशन थंडावा तयार करत नाही, फक्त असलेला टिकवतं, म्हणून रात्रीचं उघडणं विसरू नका.

---

सूरपेटी | १४ एप्रिल, रात्री ८:३०

पांढरा रंग झाला. ऑफिसमधून लाल दिव्याचा थर्मामीटर थोड्या दिवसांसाठी मागून आणला होता. शनिवारी दुपारी चार वाजता कॉफी रंगाची चद्दर आतून ६१ अंश. आज चार वाजता, ऊन तेवढंच, पांढरी चद्दर ४८. तेरा अंश, नुसत्या रंगाने! बाबा दाराजवळ जाऊन हात ठेवून उभे राहिले, काही बोलले नाहीत, पण मग दोन वेळा परत जाऊन हात लावून आले.

खर्च रंग, प्राइमर, सँडपेपर मिळून ११०० आणि मजुरी माझी.

---

यंत्रकाका | १४ एप्रिल, रात्री ९:१५

फार छान. तो थर्मामीटर पुढे कधी फॉइल किंवा चकचकीत पत्र्यावर वापरलात तर त्यावर आधी कागदी टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर मोजा. चमकदार पृष्ठभागावर तो आजूबाजूच्या भिंतीचंच तापमान दाखवतो आणि माणूस फसतो.

---

ग्वाल्हेरकर | १५ एप्रिल, सकाळी १०:००

आमच्या ग्वाल्हेरला तर ४५ च्या वर जातं आणि जानेवारीत चार-पाच. बाहेरून खसची टट्टी लावतो आम्ही, लू चालू झाली की पाणी शिंपडायचं, स्वर्ग. पण पेट्यांच्या खोलीत ओली हवा लाकडाला आणि चामड्याला चालणार नाही, तुम्ही कोरडीच चिक लावा, पाणी मारू नका. थंडीत हेच इन्सुलेशन तुम्हाला उलट उपयोगी पडेल, लाख पॉलिश थंडीत पांढुरकं पडतं न, ते कमी होईल.

---

सूरपेटी | २८ एप्रिल, रात्री १०:५५

काम झालं. सविस्तर लिहितोय कारण इथे विचारल्याशिवाय मी थर्माकोलच लावला असता.

पहिला दिवस वेल्डिंग. दोन्ही पल्ल्यांना मधला कब्जा आणि खाली चाकं, सगळं सामान गॅरेजबाहेर काढून, पाण्याची बादली आणि रेती शेजारी ठेवून. चाक लावल्यावर कळलं की ओटल्याचा उतार एका बाजूला जास्त आहे आणि डावा पल्ला उघडताना चाक हवेत राहतं, मग स्प्रिंगवालं चाक बदलून आणलं, ते उताराप्रमाणे वर-खाली होतं. यात एक दिवस गेला.

मग आतून चद्दर तारेच्या ब्रशने घासली. अँगलच्या मागे जिथे चद्दर टाक्यांवर बसलीय तिथे गंज लपलेला होता, तो स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि झिंकचं प्राइमर दोन हात. घाई करू नका, हा भाग बंद झाल्यावर पुन्हा दिसणार नाही. खालच्या अँगलला ६ एमएमची चार-चार भोकं, पाणी निघायला.

पट्ट्या सागाच्या नाही, पाइनच्या, जुन्या पॅकिंगच्या पेट्यांच्या, कबाडीकडून आणून रंधून घेतल्या. लोकर सुरीने कापली, जुनी भाजीची सुरी चालते, प्रत्येक खणापेक्षा एक सेंटिमीटर मोठी कापायची म्हणजे घट्ट बसते. वरून मुर्गा जाळी ताणली कारण दार रोज उघडतं-मिटतं आणि धक्क्याने लोकर खाली सरकू नये. खालचे दोन इंच लोकर सोडून तिथे बारीक जाळी, बडोदेकरीणताई, तुमच्या मुंग्या आठवत लावली. बाबा दोन दिवस मावशीकडे होते.

बोर्ड कापताना धूळ भयंकर उडते, अंगणात कापा. स्क्रूचं भोक आधी पाडा आणि कडेपासून किमान १५ एमएम आत, मी पहिल्या दोन ठिकाणी १० वर पाडलं आणि कड तुटली. कडांना ॲल्युमिनियमचा एल अँगल लावला, त्याने फिनिशिंगही आलं आणि कड आपटूनही तुटत नाही. वर पांढरा डिस्टेंपर नाही, धुता येणारा इमल्शन, कारण बाबांचे हात लाखेचे असतात. दोन पल्ल्यांच्या मधल्या फटीला रबराची पट्टी, खाली ब्रशची पट्टी.

हिशोब: बाहेरचा रंग ११००, रॉकवूल १७५०, बोर्ड तीन २९००, कब्जे, चाकं आणि वेल्डिंग १६००, स्क्रू, पट्ट्या, जाळी, ॲल्युमिनियम १३००, रबर आणि ब्रश ४५०. एकूण ९१००. शंभरने वर गेलं. बोर्डाच्या दिवशी हाताशी चुलतभाऊ होता, एकट्याने तो बोर्ड उचलू नये.

---

सुतारकाम | २९ एप्रिल, सकाळी ८:२०

दादा जीव लावून केलंत. एक सांगतो, महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा हाताने कसा. पाइन आणखी कोरडं पडतं आणि स्क्रू ढिला होतो.

---

शटरवाला_प्रश्न | ३० एप्रिल, दुपारी ३:१०

मी पीव्हीसी पॅनल आधीच आणून ठेवलेत, दारावर लावायला. स्पिरिट वगैरे काही नाही आमच्याकडे, सायकली असतात फक्त. लावू का रॉकवूलवर?

---

सुतारकाम | ३० एप्रिल, संध्याकाळी ५:००

लावा पण टोकाला जागा सोडा. पीव्हीसी गरमीने लांबतं, सव्वादोन मीटरच्या पॅनलला हिवाळा ते उन्हाळा चार-पाच एमएम. वरून-खालून घट्ट बसवलं तर मे महिन्यात मधे पोट येतं आणि मग लोक पॅनलला शिव्या देतात. एकाच टोकाला स्क्रू, दुसरं टोक पट्टीच्या आत मोकळं सरकू द्या. आणि काळे, गडद डिझाइन नका घेऊ, आधीच आणले असतील तर निदान बाहेरून दार पांढरं करा.

---

सूरपेटी | १९ मे, रात्री ९:३०

तीन आठवड्यांचा अनुभव. आज बाहेर ४१ होतं. दुपारी चार वाजता पांढरी चद्दर बाहेरून ४९, आतला बोर्ड ३७, गॅरेजमधली हवा ३६. मागच्या वर्षी याच दिवसांत भिंतीवरचा थर्मामीटर ४३ दाखवत होता. थंड नाही, पण बसवतं. पंखा आता गार वाटतो. रात्री सगळं उघडं ठेवतो आणि सकाळी नऊला बंद, ज्या दिवशी बंद करायचं राहिलं त्या दिवशी दुपारी दोन अंश जास्त होते, म्हणजे काकांची ती गोष्ट निम्मं काम करते.

आणि आवाज! समोरच्या रस्त्यावरचे हॉर्न एकदम लांब गेले. बाबा म्हणतात आता मंद्रातली रीड ऐकू येते नीट. दुपारी मिळवलेली एक पेटी परवा रात्री तानपुऱ्याला लावून बघितली, उघडावी लागली नाही.

---

रामबाग_ते_न्यूजर्सी | २० मे, सकाळी ७:१५

वाचून डोळे भरून आले. रामबागेतल्या घरी आमची एक जुनी पेटी माळ्यावर पडून आहे, भाता फाटलाय. डिसेंबरात येतोय, बाबांकडे घेऊन येऊ का?

---

सूरपेटी | २० मे, सकाळी ९:००

नक्की या दादा. बाबा म्हणाले पेटी आत्ताच कुणाकडून तरी पाठवा, चामडं बघून ठेवतो, आणि डिसेंबरात वाजवायलाच या.

---

बडोदेकरीण | १६ जुलै, दुपारी १२:४०

सूरपेटी, पाऊस लागला, लोकर ओली झाली का ते सांगा न. आमच्याकडे दमट हवेने शटरला आतून पाणी सुटतंय.

---

सूरपेटी | २० जुलै, रात्री १०:०५

ताई, तुमची पोस्ट वाचून आज डाव्या पल्ल्याची आठ इंची पट्टी खोलून बघितली, म्हणूनच ती वेगळी ठेवली होती. लोकर वरून कोरडी, पण खालचा चार बोटं भाग दमट होता. कारण सापडलं, बाहेर चद्दर आणि खालच्या अँगलच्या जोडात एक वीतभर फट होती, तिरपा पाऊस त्यातून आत येत होता. भोकांतून पाणी निघत होतं म्हणून साचलं नाही, नाहीतर गंज धरला असता. ओला तुकडा कापून काढला, प्राइमर शाबूत आहे. उघडीप मिळाली की बाहेरून ती फट पीयू सीलंटने भरतो, वेल्डिंग आता करायचं नाही. चद्दरीला आतून घाम मात्र सुटलेला दिसला नाही.

तुमच्या शटरला पाणी सुटतं कारण सहा इंचाची जागा बंद आहे असं मला वाटतं, चौकटीच्या वर आणि खाली थोडी जाळी ठेवून बघा. काका असतील तर सांगतील.

---

यंत्रकाका | २१ जुलै, सकाळी ६:३०

बरोबर सांगितलंत. बडोदेकरीण, वरून-खालून दोन-दोन इंच जाळी, बस. आणि सूरपेटी, सीलंट लावायच्या आधी ती फट दोन दिवस पूर्ण वाळू द्या, ओल्यावर लावलं तर पाणी आतच कोंडलं जाईल. उघडीप नसेल तर तोपर्यंत बाहेरून प्लास्टिकची पट्टी टेपने चिकटवून ठेवा.

---

सूरपेटी | २१ जुलै, सकाळी ८:१०

पट्टी चिकटवली काका, आत्ताच. पाऊस चालू आहे, बाबा आत भाता शिवतायत.